लिनक्स कुठे रुजतं?

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवू शकणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. कुठल्या देशात किती लोक ती वापरतात हे दाखवणारे नकाशे मी पुन्हा पुन्हा उघडून बघते. संकेतस्थळांवरच्या भेटी मोजणारी स्टॅटकाउंटर ही सेवा दर महिन्याला असे आकडे काढते. त्यांच्या मोजणीनुसार २०२४च्या फेब्रुवारीत जगभरच्या डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा पहिल्यांदाच ४ टक्क्यांच्या वर गेला. २०२५च्या जूनमध्ये अमेरिकेत त्याने ५ टक्के ओलांडले. हजारो माणसांनी तीस-पस्तीस वर्षं घडवलेलं आणि कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येणारं हे काम आहे. त्याचा वाटा ४ टक्के आहे याचं मला फार दुःख नाही. मला अस्वस्थ करतो तो नकाशातला असमान रंग. एका देशात गडद, त्याला लागून असलेल्या देशात फिका. भारताचा आकडा काही काळ चक्क दोन अंकी दिसत होता, जगाच्या सरासरीच्या कितीतरी वर.

हे आकडे जपून वाचावे लागतात. ज्या संकेतस्थळांवर ही मोजणी बसवलेली आहे, तिथली पानं कोणत्या यंत्रावरून उघडली गेली एवढंच त्यांत मोजलेलं असतं. यंत्रं कुणी मोजत नाही. ज्या देशात बहुतेकांचं इंटरनेट फोनवरच चालतं, तिथे डेस्कटॉपसमोर बसणारा माणूस बऱ्याचदा प्रोग्रामर किंवा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असतो, आणि तो लिनक्सवर असण्याची शक्यता मुळातच जास्त. त्यामुळे भारताचा मोठा आकडा मी घराघरांत लिनक्स पोचल्याचा पुरावा म्हणून धरत नाही. उलट सरकारी नेटवर्कच्या आत चालणारी, बाहेर क्वचितच डोकावणारी यंत्रं या नकाशात जवळजवळ उमटतच नाहीत.

तरीही फरक खरा आहे, कारण वेगळ्या पद्धतीने मोजलं तरी तो दिसतो. २०१०च्या सुरुवातीला वेबमास्टरप्रो या जर्मन संकेतस्थळाने एक युक्ती केली. भेट देणाऱ्यांच्या संगणकात कोणते फाँट आहेत ते तपासून त्यांनी ओपनऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर, कुठे किती बसवलेलं आहे याचा अंदाज बांधला. पोलंड आणि झेक प्रजासत्ताकात २२ टक्के, जर्मनीत २१च्या आसपास, अमेरिका आणि ब्रिटनमध्ये ९, आणि चीनमध्ये एक टक्काही नाही. सॉफ्टवेअर तेच, किंमत सगळीकडे शून्य, उतरवून घेण्याची जागाही तीच. मग पोलंड आणि ब्रिटनमध्ये एवढं अंतर कसं?

सगळ्यात आधी सुचतं ते उत्तर पैशाचं. श्रीमंत देश लायसन्स विकत घेतील, गरीब देश मोफत सॉफ्टवेअरकडे वळतील, असं शतकाच्या सुरुवातीला अनेकांनी मांडलं होतं. मलाही ते पटायचं. पण गरीब देशांत विंडोज विकत घ्यावं लागतच नव्हतं. व्यावसायिक सॉफ्टवेअर कंपन्यांची बीएसए ही संघटना विनापरवाना वापराचे अंदाज प्रसिद्ध करते. तिचे २०१७चे आकडे बघा: अमेरिकेत १५ टक्के, भारतात ५६, चीनमध्ये ६६, व्हेनेझुएलात ८९, लिबियात ९०. ही संघटना तटस्थ नाही, तिच्या आकड्यांमागे तिच्या सभासदांचा स्वार्थ आहे, हे मान्य. पण क्रम खोटा वाटत नाही. जिथे खिशात पैसे कमी, तिथे विंडोजची किंमतही शून्यच होती. दोन शून्यांमधून निवडायचं असेल तर माणूस ओळखीचं शून्य उचलतो. त्यासाठी त्याला दोष देणं मला जमत नाही.

बिल गेट्स यांनी १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात विद्यार्थ्यांसमोर बोलताना हे अगदी उघड सांगितलं होतं. चीनमध्ये लोक सॉफ्टवेअरचे पैसे देत नाहीत, पण कधीतरी देतील. आणि चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, म्हणजे सवय लागेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. व्हेनेझुएलात ह्यूगो चावेझ यांनी २००४च्या डिसेंबरात ३३९० क्रमांकाचा फतवा काढून सरकारी कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरला, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरला, प्राधान्य दिलं, पुढे कनाइमा नावाची लिनक्सची स्वतःची आवृत्तीही बनवली. त्याच देशात तेरा वर्षांनी विनापरवाना वापर ८९ टक्के. फतवा कार्यालयाच्या दारापर्यंत पोचला, घरात विंडोजची फुकटची प्रत आधीच बसलेली होती.

थायलंडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. २००३ साली तिथल्या सरकारने सामान्यांसाठी स्वस्त संगणकाची योजना काढली आणि त्यावर त्यांच्याच राष्ट्रीय संशोधन संस्थेने बनवलेलं लिनक्स टीएलई घातलं. मागणी उदंड होती. मायक्रोसॉफ्टने आपला दर एरवी कधीच लावला नसता इतका खाली आणला, आणि पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीची स्टार्टर आवृत्ती जाहीर केली. ती थायलंड, मलेशिया, इंडोनेशियात आधी आली, मग भारत आणि रशियात. एका वेळी तीनच प्रोग्राम उघडता येतील अशी मर्यादा तिच्यात घातलेली होती. लिनक्स समोर उभं राहिल्याशिवाय हा स्वस्त पर्याय आला नसता, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी लिनक्स कधी पाहिलंही नाही अशा लोकांचा खर्च त्याने कमी केला, आणि हे कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

ब्राझीलमध्ये २००५ साली साधारण असाच प्रयोग झाला. मुक्त सॉफ्टवेअर घातलेल्या संगणकांना करात सवलत आणि हप्त्यांची सोय मिळाली. विक्री झाली, आणि बऱ्याच लोकांनी घरी नेऊन ते पुसलं आणि विंडोज टाकलं, अशा बातम्याही तेव्हाच आल्या.

किंमत बाजूला ठेवली तर मग काय उरतं? मला याचं उत्तर यशापेक्षा एका फसलेल्या योजनेत आधी दिसलं. ग्नोम हा आज लिनक्सवरच्या सर्वाधिक वापरातल्या डेस्कटॉपपैकी, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या खिडक्या-बटणांच्या मांडणीपैकी, एक. १९९७ साली तो सुरू केला मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत सुमारे १ लाख ४० हजार शाळांमध्ये लिनक्स आणि ग्नोम नेण्याची योजना जाहीर झाली. जगभरच्या लिनक्सप्रेमींनी ती बातमी डोक्यावर घेतली. पण प्रत्यक्षात ती अगदी थोड्या शाळांपर्यंत पोचली आणि विरली. यंत्रांचे सुटे भाग चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, मिळेनात, शिक्षकांनी लिनक्स कधी पाहिलेलं नव्हतं, आणि अडलं तर विचारायला जवळ कुणी नव्हतं. ज्या देशातल्या मुलांनी हा डेस्कटॉप लिहायला घेतला, त्याच देशातल्या शाळांत तो टिकू शकला नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक देशाबद्दल वाचताना एकच गोष्ट शोधते: अडलं की माणूस कुणाकडे जातो? विंडोज अडलं तर शेजारचा, मेहुणा, कार्यालयातला तो एक हुशार मुलगा, कुणीतरी असतंच. लिनक्ससाठी असं माणूस जिथे उभं राहिलं, तिथे ते रुजलं. जिथे नुसती सीडी पोचली, तिथे नाही.

स्पेनच्या पश्चिमेला, पोर्तुगालला लागून एस्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. वस्ती दहा-अकरा लाखांची, आणि उत्पन्नात स्पेनमध्ये तळाशी. या प्रांताने २००२ साली डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेलं स्वतःचं ग्नू-लिनएक्स काढलं. माध्यमिक शाळांत दर दोन मुलांमागे एक संगणक ठेवायचं ठरवलं, आणि प्रौढांसाठी गावोगावी शिकण्याची केंद्रं उघडली. मला मोहवणारी गोष्ट वेगळीच आहे. प्रोग्रामांना त्यांनी आपल्या मातीतल्या माणसांची नावं दिली होती. चित्रांचा प्रोग्राम, म्हणजे गिम्प, तिथे झाला सुर्बारान. सतराव्या शतकातला हा मोठा चित्रकार त्याच प्रांतात जन्मलेला. शाळेतल्या मुलीला ते परदेशातून आलेलं यंत्र वाटू नये, आपलं वाटावं, यासाठी केलेली ही छोटीशी गोष्ट. शेजारच्या आंदालुसियाने त्यांच्याशी करार करून आपलं ग्वादालिनेक्स काढलं. म्हणजे स्पेनमध्ये लिनक्स माद्रिदहून नाही, दक्षिणेच्या गरीब टोकाकडून पसरायला लागलं.

एस्त्रेमादुराचं ते स्वतःचं लिनक्स २०११ नंतर मागे पडलं. सरकार बदललं, मंदी आली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण ते प्रोग्राम चालवत दहावी झालेली एक पिढी तिथे आहे, आणि तिला संगणक म्हणजे एकाच कंपनीची वस्तू असं कधीच शिकवलं गेलं नाही.

उरुग्वे आणि पेरू यांची जोडी मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. दोन्हीकडे यंत्र तेच: निकोलस नेग्रोपाँटी यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप, या प्रकल्पातला तो हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप. आत फेडोरा लिनक्स, वर शुगर नावाचा मुलांसाठी बनवलेला पडदा. १०० डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात किंमत त्याच्या दुपटीजवळ गेली. उरुग्वेने २००७च्या मे महिन्यात विया कार्दाल या लहानशा गावातल्या शाळेपासून वाटप सुरू केलं आणि २००९ संपायच्या आत सरकारी प्राथमिक शाळांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात लॅपटॉप दिला, एकूण साडेतीन लाखांहून जास्त. पेरूने त्याहून कितीतरी अधिक, आठ लाखांच्या वर यंत्रं घेतली.

पण उरुग्वेने लॅपटॉपसोबत शाळेत इंटरनेट आणायचंही मनावर घेतलं होतं. प्लान सेइबाल नावाची यंत्रणा या दोन्हींसाठी उभी केली. मुलांच्या हातची यंत्रं मोडणारच. ती मोडली तेव्हा दुरुस्तीची केंद्रं उघडली, शाळेपर्यंत जाणारी पथकं काढली. विद्यापीठातली मुलं स्वयंसेवक म्हणून गावांत जाऊन शिक्षकांशेजारी बसली. पेरूत यंत्रं डोंगरांतल्या, जंगलांतल्या दूरच्या शाळांत गेली, जिथे बहुतेक ठिकाणी इंटरनेट नव्हतं आणि शिक्षकांना मिळालेलं प्रशिक्षण तुटपुंजं होतं. आंतर-अमेरिकी विकास बँकेने तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास केला आणि २०१२ साली निष्कर्ष मांडला: गणितात आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचा पुरावा नाही.

इथे न्यायाने सांगायला हवं, की उरुग्वेतही पुढच्या एका अभ्यासात गणित-वाचनाचे गुण वाढलेले दिसले नाहीत. लॅपटॉप वाटून गुण वाढतात ही अपेक्षाच मुळात भाबडी होती, असं मला आता वाटतं. मी बघते ते वेगळं. सेइबाल ही संस्था अजून उभी आहे, काम करते आहे, यंत्रं बदलली तरी तिच्यात शिकलेली माणसं आहेत. पेरूत यंत्रं होती, संस्था नव्हती. उरुग्वे लहान आहे, सपाट आहे, श्रीमंत आहे, हेही खरं. पण नुसत्या भूगोलाने हा फरक मला पुरेसा समजत नाही.

केरळची गोष्ट याच जातीची आहे आणि तिच्याबद्दल बोलताना मला आनंद लपवता येत नाही. तिथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले आणि मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची भारतीय शाखा तिथे उघडली. सुरुवातीचा अभ्यासक्रम मात्र विंडोजभोवतीच होता. त्याला विरोध केला तो शिक्षकांच्या संघटनेने आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी. शाळेने मुलांना एका कंपनीचं उत्पादन का शिकवायचं, हा त्यांचा प्रश्न होता. २००५ नंतरच्या काही वर्षांत सरकारी शाळा लिनक्सवर गेल्या. निवडक शिक्षकांना आधी तयार केलं, मग त्यांनी बाकीच्या शिक्षकांना तयार केलं. भूमिती जिओजेब्रात, चित्रं गिम्प आणि इंकस्केपमध्ये, असं सगळं पाठ्यपुस्तकातच आलं. आज हा प्रकल्प काइट या सरकारी कंपनीकडे आहे आणि ती शाळांसाठी आपलं लिनक्स स्वतः बनवते.

केरळच्या मुली-मुलांना अडलं तर विचारायला समोर शिक्षिका असते, आणि शिक्षिकेला विचारायला तिच्याच जिल्ह्यातली दुसरी शिक्षिका. एवढी साधी व्यवस्था. बाहेरून आलेल्या तज्ज्ञावर ती अवलंबून नाही, म्हणून मुख्यमंत्री आणि आघाड्या बदलल्या तरी ती मोडली नाही. मल्याळमचे फाँट आणि भाषांतरं सांभाळणारा स्वतंत्र मल्याळम कम्प्यूटिंग हा स्वयंसेवकांचा गट २००२पासून तिथेच वाढला. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला भाषेसाठी रात्री जागणारी मुलं, अशी दुहेरी मुळं फार थोड्या ठिकाणी आहेत.

भाषेवरून आठवलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आइसलँडच्या लोकांना विंडोज आपल्या भाषेत हवं होतं आणि बाजार लहान म्हणून मायक्रोसॉफ्टने आधी नकार दिला होता. दक्षिण आफ्रिकेत एका स्वयंसेवी गटाने ओपनऑफिस देशाच्या तेव्हाच्या अकराही अधिकृत भाषांत आणलं. भूतानने झोंखा भाषेतलं लिनक्स २००६ साली काढलं. मराठीतही ग्नोम आणि त्याच्यासारखाच केडीई हा डेस्कटॉप आहेत, लोकांनी वेळ काढून केलेले. बाजाराच्या हिशेबात न बसणाऱ्या भाषांना संगणकावर जागा मिळाली ती बऱ्याच अंशी या कामामुळे, आणि त्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण आपल्या भाषेत आहे म्हणून लोक आपोआप येतात असंही झालं नाही.

दक्षिण कोरियाची कथा मात्र या सगळ्यांच्या पलीकडची. इंटरनेटचा वेग, शिक्षण, पैसा, तंत्रज्ञ, सगळं असलेला देश. लिनक्ससाठी याहून चांगली जमीन कुठली? पण नव्वदच्या दशकात अमेरिकेने मजबूत सांकेतिकीकरण (एन्क्रिप्शन), म्हणजे माहिती कुलूपबंद करून पाठवण्याचं तंत्र, निर्यात करायला बंदी घातलेली होती. परदेशी ब्राउझरमध्ये फक्त ४० बिटांचं कमकुवत संरक्षण मिळायचं, आणि त्यावर बँकेचे व्यवहार करणं धोक्याचं होतं. म्हणून कोरियाने १९९८ साली सीड नावाची स्वतःची पद्धत तयार केली. ती कुठल्याच ब्राउझरमध्ये नव्हती, म्हणून इंटरनेट एक्सप्लोररमध्ये ॲक्टिव्हएक्सच्या जोडप्रोग्रामातून ती चालवली गेली. १९९९च्या डिजिटल सहीच्या कायद्याने सरकारमान्य प्रमाणपत्र आलं आणि तेही याच वाटेने चालू लागलं. ॲक्टिव्हएक्स फक्त विंडोजवर चालतं. बघता बघता बँक, कर, सरकारी दाखले, ऑनलाइन खरेदी, सगळं विंडोजशी बांधलं गेलं.

अमेरिकेने निर्यातीचे नियम २००० साली सैल केले, म्हणजे मूळ कारण जेमतेम दोन वर्षांत संपलं. परिणाम पुढची वीस वर्षं टिकला. कोरिया विद्यापीठातल्या कायद्याच्या एका प्राध्यापकांनी इतर ब्राउझर वापरणाऱ्यांच्या बाजूने खटला भरला, तो २००९ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. २०१४ साली एका लोकप्रिय मालिकेतल्या नायिकेचा कोट चिनी प्रेक्षकांना कोरियन दुकानांतून घेता येईना, तेव्हा कुठे राष्ट्राध्यक्षांनी ही अडचण जाहीरपणे बोलून दाखवली. त्या प्रमाणपत्राची मक्तेदारी कायद्याने संपली ती २०२०च्या डिसेंबरात. एवढ्या काळात कोरियातल्या एखाद्या हुशार मुलाने लिनक्स बसवलं असेल, आवडलंही असेल, आणि वीजबिल भरायची वेळ आली तेव्हा पुन्हा विंडोज सुरू केलं असेल. त्याला लिनक्स आवडलं नाही असं नकाशा म्हणेल. ते मला अन्यायाचं वाटतं. इथे लोकांची निवड झालीच नव्हती. दुसऱ्या देशातल्या एका नियमाने आणि आपल्याच देशातल्या एका घाईच्या निर्णयाने ती आधीच करून टाकली होती.

युरोपातल्या दोन मोठ्या प्रयत्नांबद्दल नेहमी बोललं जातं, आणि बहुतेक वेळा त्यांतल्या एकाबद्दलच. म्युनिक शहराने २००३ साली लिनक्सकडे जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौर ख्रिस्टियान उडे यांना भेटायला आले, दर खाली आणला, तरी नगरपरिषदेने लिनक्सच निवडलं. २०१३पर्यंत १५ हजारांच्या जवळपास संगणक लिमक्सवर, म्हणजे शहराच्या स्वतःच्या लिनक्सवर, आले. आणि २०१७ साली नव्या महापौरांच्या काळात परिषदेने परत विंडोजकडे जाण्याच्या बाजूने मत दिलं. लिनक्स फसलं, असा याचा अर्थ जगभर लावला गेला. पण शहराने स्वतः नेमलेल्या सल्लागारांच्या अहवालात मुख्य दुखणं संघटनेचं होतं: खात्याखात्यांचे वेगवेगळे संगणक विभाग, कोण कुणाला जबाबदार हे न ठरलेलं. त्यात भर बाहेरून येणाऱ्या वर्ड आणि एक्सेलच्या फायलींची. कर्मचाऱ्याचा वैताग खरा होता, पण त्याच्यावर लिहिलेलं नाव चुकीचं होतं.

त्याच काळात फ्रान्सच्या जांदार्मरीने, म्हणजे ग्रामीण भागातली पोलीस व्यवस्था बघणाऱ्या दलाने, फारसा गवगवा न करता दुसरा क्रम लावला. २००५ साली ओपनऑफिस. २००६ साली फायरफॉक्स आणि थंडरबर्ड. ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावला तो २००८ साली, सगळ्यात शेवटी. तोवर जवानाच्या हाताला रोजचे प्रोग्राम सरावलेले होते, त्यामुळे खालची सिस्टीम बदलली तरी टेबलावरचं काम तेच राहिलं. २०२४पर्यंत उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेल्या त्यांच्या जेंडबुंटूवर एक लाखाहून जास्त संगणक चालत होते. शिस्तीचं दल आहे, वरून हुकूम येतो, म्हणून जमलं असं म्हणता येईल. पण हुकूम म्युनिकमध्येही होता. फरक मला क्रमात आणि सातत्यात दिसतो: एकच विभाग, तीच माणसं, आणि वर्षानुवर्षं कुणी त्यांना मध्येच थांबवलं नाही.

असमानतेच्या या चर्चेत व्हीएलसीसारखा, चित्रफिती आणि गाणी चालवणारा मुक्त प्रोग्राम विसरायला होतो. पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो निघाला, २००१ साली मुक्त परवान्याखाली आला, आणि जगाच्या पाठीवर असा देश नसेल जिथे तो पोचला नाही. रशियातल्या इगोर पावलोव यांचं फायली आवळून लहान करणारं सेव्हन-झिप तसंच. यांच्यासाठी कुठल्या सरकारने फतवा काढला नाही. व्हीएलसी विंडोजवर बसतं, समोर येईल ती फाइल चालवतं, आणि वापरणाऱ्याला दुसऱ्या कुणाशी जुळवून घ्यावं लागत नाही. ओपनऑफिसमधूनच पुढे निघालेल्या लिब्रेऑफिसचं तसं नाही. मी लिहिलेला मजकूर तुमच्याकडे जाणार, तुम्ही तो दुरुस्त करून तिसऱ्याकडे पाठवणार, आणि तिघांपैकी एकाकडे ओळी सरकल्या की दोष माझ्या प्रोग्रामचा. म्हणून ओडीएफ हा खुला फाइल-प्रकार २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला ही मला फार मोठी घटना वाटते, आणि ब्रिटनच्या सरकारने २०१४ साली तो स्वीकारला हीसुद्धा. जिथे माणसांना एकमेकांच्या फायली उघडाव्या लागतात तिथे एकट्याने बदलणं फार अवघड आहे.

आणखी एक असमानता आहे जिच्याबद्दल लिनक्सच्या जगात मोकळेपणाने बोललं जात नाही. प्रोग्रामचा संकेत (कोड) खुला असतो, पण तो कुठल्या तरी देशातल्या सर्व्हरवर असतो. २०१०च्या जानेवारीत मुक्त सॉफ्टवेअर साठवून वाटणाऱ्या सोर्सफोर्ज या संकेतस्थळाने क्यूबा, इराण, उत्तर कोरिया, सुदान आणि सीरियातल्या लोकांना दार बंद केलं, अमेरिकेच्या निर्बंधांमुळे. २०१९ साली तशाच गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या खात्यांवर मर्यादा आणल्या. २०२४च्या ऑक्टोबरात लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली. निर्बंधांची कारणं राजकीय आहेत आणि त्यांतली काही मला समजतात. तरी हवानातल्या विद्यार्थ्याच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहते तेव्हा वाईट वाटतं. त्याला विंडोज कायदेशीर मार्गाने विकत मिळत नाही, आणि सोर्सफोर्जसारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या गोदामालाही तेव्हा कुलूप लागलं. क्यूबाने २००९ साली नोव्हा हे आपलं लिनक्स काढलं ते अमेरिकी निर्बंधांच्या याच कोंडीतून. रशियातलं आस्त्रा, चीनमधले कायलिन आणि यूओएस यांच्यामागेही हीच भीती आहे, की उद्या वरचा पुरवठा तोडला तर?

गेल्या काही वर्षांत हीच भीती युरोपच्या तोंडीही आली आहे. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४च्या एप्रिलमध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचं जाहीर केलं, त्यानंतर लिनक्स. २०२५मध्ये त्यांनी ४० हजारांच्या आसपास मेलपेट्या मायक्रोसॉफ्टच्या बाहेर काढल्या. डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने आणि फ्रान्सच्या लियों शहराने त्याच वर्षी तशाच घोषणा केल्या. वीस वर्षांपूर्वी म्युनिकला बाल्मर भेटले तेव्हा गोष्ट लायसन्सच्या पैशांवर येऊन थांबत होती. आता मंत्री सार्वभौमत्वाबद्दल बोलतात, आपल्या नागरिकांचे कागद कुणाच्या हातात आहेत याबद्दल बोलतात. श्रीमंत देशांत लिनक्सला वेग येतोय तो अशा वेळी, जेव्हा किंमत हा मुद्दाच उरलेला नाही.

श्लेस्विग-होल्स्टाइनचं काम जेंडबुंटूच्या क्रमाने चाललं आहे: आधी ऑफिस, मग मेल, शेवटी ऑपरेटिंग सिस्टीम. त्यामुळे मला आशा आहे. आता मी तिथून येणाऱ्या बातम्यांत बचत झालेल्या युरोंचा आकडा शोधत नाही. मदत-कक्षात किती माणसं नेमली, कर्मचाऱ्यांना शिकायला कामाच्या वेळेतून सवड दिली का, आणि शेजारच्या राज्यांना पाठवायच्या फायली कोणत्या प्रकारात जाताहेत, एवढं वाचते. पुढच्या निवडणुकीनंतरही तीच माणसं त्या कक्षात बसलेली असतील का, हे कळायला अजून काही वर्षं लागतील.